तपकिरी स्किपर ओळखायचा आहे? मग ही दुर्बीण: पेंटॅक्स पॅपिलिओ टू ६.५×२१

फुलपाखरं बघणाऱ्या बहुतेकांची गाडी स्किपरपाशी, म्हणजे जाडजूड धडाच्या लहान फुलपाखरांच्या गटापाशी, येऊन अडते. नीलवंत ओळखता येतो, हळदीकुंकू ओळखता येतं, हबशी आणि बिबळ्या कडवा तर लांबूनही. पण गवतावर बसलेला तो अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठा तपकिरी जीव बघितला की वहीत 'स्किपर, तपकिरी' एवढीच नोंद होते. ओळख पटवणारे ठिपके असतात एक-दोन मिलिमीटरचे. साध्या डोळ्यांनी ते वाचता येत नाहीत आणि वाचायला जवळ जावं तर तो उडतो. नेमकी ही अडचण पॅपिलिओ सोडवते. ती कितपत सोडवते आणि कुठे कमी पडते, हे एकाच कसोटीवर तपासू. कसोटीला घेतला आहे राईस स्विफ्ट, स्किपरमधल्याच 'स्विफ्ट' म्हणवणाऱ्यांपैकी एक, शास्त्रीय नाव बोर्बो सिनारा. भातशेती, गवत आणि बागा असतील तिथे तो सर्रास सापडतो, आणि त्याचा घोळ घालणारी भावंडंही तिथेच असतात.

आधी दुर्बिणीबद्दल. ६.५ पट मोठेपणा, २१ मिलिमीटरची पुढची भिंगं, वजन २९० ग्रॅम, म्हणजे गळ्यात दिवसभर राहिली तरी मान भरून येत नाही. खरा महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: ही ५० सेंटिमीटरवर फोकस होते. पक्षी बघायच्या नेहमीच्या ८×४२ दुर्बिणीला दोन मीटरच्या आसपास थांबावं लागतं. हिशेब करून बघा. दोन मीटरवरचं फुलपाखरू ८ पटीने बघणं म्हणजे २५ सेंटिमीटरवरून नुसत्या डोळ्यांनी बघितल्यासारखं. अर्ध्या मीटरवरचं ६.५ पटीने बघणं म्हणजे पावणेआठ सेंटिमीटरवरून बघितल्यासारखं. इतक्या जवळचं मोठ्या माणसाच्या डोळ्यांना मुळात नीट दिसतच नाही. आकड्यात पट कमी असूनही फुलपाखरू तिपटीहून मोठं दिसतं ते यामुळे.

साधी दुर्बीण जवळच्या वस्तूवर रोखली की दोन वेगळी वर्तुळं दिसायला लागतात, कारण दोन्ही भिंगांमधलं अंतर ठरलेलं असतं आणि नजर मात्र आत वळलेली असते. पॅपिलिओत फोकसचं चाक जवळच्या बाजूला फिरवलं की पुढची भिंगं आतल्या आत एकमेकांकडे सरकतात. समोरून बघत चाक फिरवलं तर काचेमागे हे सरकणं स्पष्ट दिसतं. त्यामुळे अर्ध्या मीटरवरही दोन्ही डोळ्यांना मिळून एकच चित्र मिळतं आणि त्याला खोली असते: पुढचा पंख मागच्या पंखाच्या किती वर उचलला आहे ते कळतं. स्किपरच्या बाबतीत ही खोली फार कामाची, कारण राईस स्विफ्टसारखे गवतावरचे स्किपर ऊन खाताना मागचे पंख आडवे पसरतात आणि पुढचे अर्धवट उभे धरतात. सपाट फोटोत कुठला ठिपका कुठल्या पंखावर आहे याचा गोंधळ होतो, दोन डोळ्यांनी बघताना होत नाही.

पहिल्यांदा हातात घेतल्यावर दोन मिनिटं जुळवाजुळवीला द्या. डोळ्यांमधलं अंतर लावा. उजवं भिंग हाताने झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकाने फोकस करा, मग डावं झाकून उजव्या बाजूची डायॉप्टरची रिंग (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी) फिरवून तीच वस्तू स्पष्ट करा. लांबचं बघायच्या दुर्बिणीत या जुळवणीतली थोडी चूक खपून जाते. इथे ती खपत नाही, जवळून बघताना डोळे दुखायला लागतात. डोळ्यापासून भिंगाचं सोयीचं अंतर १५ मिलिमीटर आहे. चष्मा असेल तर रबरी कप खाली फिरवून ठेवा. जाड काचेच्या चष्म्यात कडेचं थोडं कापलं जातं, पण चालून जातं.

आता शेतात. या दुर्बिणीबद्दलची बहुतेक तक्रार एकाच चुकीतून येते: लोक फुलपाखरू दिसल्यावर चाक फिरवायला लागतात. लांबपासून अर्ध्या मीटरपर्यंत यायला चाक बरंच फिरवावं लागतं, एका बोटाच्या झटक्यात भागत नाही. तोवर स्किपर तिथे नसतो. उलटं करा. निघतानाच बुटाच्या नाडीवर किंवा एखाद्या पानावर साधारण एक मीटरचा फोकस लावून ठेवा आणि चाकाला हात लावू नका. फुलपाखरू बसलेलं दिसलं की दुर्बीण डोळ्यांना लावून अंगानेच पुढे सरका, चित्र स्पष्ट झालं की थांबा. मग श्वास सोडत हळूहळू आणखी जवळ जायचं आणि तेवढ्यापुरतंच चाक फिरवायचं. सावली त्याच्यावर पडता कामा नये, म्हणजे पाठीवर ऊन घेऊन जायचं नाही, ऊन बाजूने घ्यायचं. उभ्याने वाकू नका, गुडघ्यावर बसा. मोठा आकार वरून झुकला की तो उडतो, समोरून हळू आलेलं त्याला बऱ्यापैकी चालतं. आणि उडाला तरी लगेच मागे धावू नका. अनेक स्किपर त्याच पानावर किंवा हातभर अंतरावर परत येऊन बसतात. थांबलेल्याला तो मिळतो.

इथेच ६.५ आणि ८.५ या दोन मॉडेलांमधला निर्णय होतो. दुकानात ८.५×२१ जास्त 'ताकदीची' वाटते. स्किपरसाठी ती घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत. ६.५ ची नजर, म्हणजे एका वेळी दिसणारा टापू, साडेसात अंशांची, ८.५ ची सहा अंशांची. अर्ध्या मीटरवर हे साधारण साडेसहा आणि सव्वापाच सेंटिमीटर होतात. पंख पसरून साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरणारं फुलपाखरू पान बदलून बसलं की पहिल्या दुर्बिणीत ते बहुधा चौकटीतच असतं, दुसरीत शोधत बसावं लागतं. शिवाय हाताचं थरथरणं ८.५ मध्ये जास्त जाणवतं, फोकसची खोली (एका वेळी स्पष्ट दिसणारं पुढचं-मागचं अंतर) कमी मिळते आणि चित्र काळवंडतं. डोळ्याशी येणारा प्रकाशाचा ठिपका ६.५ मध्ये ३.२ मिलिमीटरचा, ८.५ मध्ये जेमतेम अडीचचा.

मग राईस स्विफ्ट कसा वाचायचा? सगळ्यात आधी तो स्किपर आहे याची खात्री. डोकं रुंद, डोळे मोठे, धड जाडजूड, आणि दोन मिशा डोक्यावर एकमेकींपासून दूर उगवलेल्या. मिशीचं टोक गदेसारखं जाड होऊन मग बारीक आकड्यासारखं मागे वळलेलं. अर्ध्या मीटरवरून हा आकडा इतका स्वच्छ दिसतो की पहिल्यांदा बघणारा तिथेच रेंगाळतो. रेंगाळू द्यावं. कारण हा आकडा एकदा डोळ्यांत बसला की लहान तपकिरी पतंग आणि स्किपर यांची गफलत कायमची संपते.

त्यानंतर मागच्या पंखाची खालची बाजू. फुलावर पंख मिटून बसला असताना तीच समोर येते आणि स्विफ्टच्या ओळखीची निम्मी गोष्ट तिथेच असते. राईस स्विफ्टच्या या मातकट हिरवट-तपकिरी बाजूवर मोजके पांढरे ठिपके असतात, एका वाकड्या ओळीत. ओळीपासून सुटा, पंखाच्या मधोमध, बुडाकडे एखादा ठिपका आहे का ते बघा. पेलोपिडास गटातल्या स्विफ्टना, म्हणजे स्मॉल ब्रँडेड स्विफ्टसारख्यांना, हा मधला ठिपका बहुधा असतो. राईस स्विफ्टला नसतो. सगळे ठिपके पट्टीने आखल्यासारखे सरळ रेषेत आणि मिशा आखूड असतील तर पार्नारा गटाकडे, म्हणजे स्ट्रेट स्विफ्ट आणि त्याच्या भावंडांकडे बघावं. मागचा पंख अगदी कोरा, एकही ठिपका नाही? मग बाओरिस किंवा कॅल्टोरिस. पेंटब्रश स्विफ्टच्या नराला मागच्या पंखाच्या वरच्या बाजूला केसांचा झुबका असतो, नाव त्यावरूनच.

वरची बाजू दिसली तर पुढचा पंख वाचा. काचेसारखे अर्धपारदर्शक ठिपके तिरपे उतरत आलेले दिसतात, आणि त्यांच्या खाली, मागच्या कडेजवळ, एक पिवळसर न चमकणारा ठिपका. स्मॉल ब्रँडेड स्विफ्टच्या नराला साधारण याच भागात एक बारीक करडी तिरपी रेघ असते, तोच त्याचा 'ब्रँड'. राईस स्विफ्टच्या नराला अशी रेघ नसते. मात्र रेघ नाही म्हणून लगेच राईस स्विफ्ट लिहू नका. ब्रँडेड स्विफ्टच्या मादीलाही रेघ नसते. रेघ दिसली तर राईस स्विफ्ट बाद, रेघ नसेल तर खालच्या बाजूच्या मधल्या ठिपक्याकडे परत जायचं, हा क्रम पाळावा.

हंगाम सरत येतो तसे पंख झिजतात आणि ओळख चुकायला लागते. काचेसारखा ठिपका म्हणजे खवले जवळपास नसलेली जागा, तिथे झिजायलाच काही नाही, म्हणून तो शेवटपर्यंत टिकतो. पिवळसर ठिपका आणि खालच्या बाजूचे पांढरे ठिपके खवल्यांचेच बनलेले, ते खरवडले जातात. फाटक्या-विटक्या स्विफ्टच्या मागच्या पंखावर ठिपका 'नाही' हे सिद्ध होत नाही. अशा वेळी 'स्विफ्ट' एवढ्यावर नोंद थांबवणं हाच प्रामाणिकपणा.

दुर्बिणीची पहिली उणीव इथेच येते: ती पुरावा ठेवत नाही. डोळ्याच्या भिंगाला मोबाइल टेकवून फोटो निघतो, पण जवळच्या अंतरावर मोबाइल, दुर्बीण आणि फुलपाखरू तिन्ही स्थिर ठेवणं हाताने जमत नाही. खालच्या बाजूला ट्रायपॉडचा स्क्रू बसायची सोय आहे, ती वापरली तर जमतं. पण तेव्हा फुलपाखराने जागा सोडू नये अशी अट येते. म्हणून स्विफ्ट दिसल्यावर आधी मोबाइलवर दोन फोटो घ्यावेत, एक मिटलेल्या पंखांच्या बाजूने आणि एक वरून, धूसर का असेनात. मग दुर्बिणीने ठिपके वाचून तिथल्या तिथे तोंडी नोंद रेकॉर्ड करावी: 'मागचा पंख, खालून, चार ठिपके, मधला नाही.' नंतर 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया'च्या संकेतस्थळावर त्या जातीच्या पानावरच्या फोटोंशी ही नोंद ताडून बघता येते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकला की यंत्र लगेच नावं सुचवतं. स्विफ्टच्या बाबतीत त्यातलं पहिलं नाव डोळे मिटून घेऊ नका. एकाच बाजूचा फोटो असेल तर वंशापर्यंत किंवा त्याच्याही वरच्या गटापर्यंत नोंद करा. जाणकारांना दुसरी बाजू मागावी लागू नये एवढी काळजी आपण घ्यायची.

शोधायचं कुठे आणि कधी? पावसाचा जोर ओसरल्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ सगळ्यात भरघोस, सकाळी आठ ते अकरा. बांधावरची एकदांडी आणि घाणेरीच्या जाळ्या ही स्किपरची हमखास ठिकाणं. एकदांडीवर तर या दुर्बिणीचं सार्थक होतं. तिचं एक फूल म्हणजे चिमुकल्या फुलांचा गुच्छ. स्किपर आपली लांब सोंड त्यातल्या एकेका नळीत घालतो, काढतो, शेजारच्या नळीत घालतो, आणि तेवढा वेळ जागचा हलत नाही. ठिपके मोजायला एवढा निवांतपणा दुसरीकडे मिळत नाही.

पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेवर बसलेला स्किपर सोडून पुढे जाऊ नका. अर्ध्या मीटरवरून दिसतं ते असं: तो पोट खालून पुढे वळवतो, टोकातून पाण्यासारखा एक थेंब त्या वाळलेल्या पांढऱ्या चकतीवर सोडतो, ती ओली होते, आणि मग सोंड टेकवून विरघळलेले क्षार शोषून घेतो. थेंब संपला की पुन्हा तेच. नुसत्या डोळ्यांना हा तपकिरी ठिपका घाणीवर बसलेला दिसतो, बाकी काही नाही.

उडत्या स्किपरपेक्षा त्याची पिल्लावळ शोधणं पुष्कळदा सोपं जातं. राईस स्विफ्टची मादी गवताच्या किंवा भाताच्या पात्यावर घुमटासारखी अंडी एकेक करून घालते. सुरवंट पात्याच्या कडा रेशमाने ओढून नळी करतो आणि आत राहतो. मागच्या अंगणातल्या हळदीच्या आणि सोनटक्क्याच्या पानाची कड दुमडून चिकटवलेली दिसली तर ग्रास डेमन हा स्किपर समजावा, मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग असलेला. पातोळ्यांसाठी पानं तोडताना श्रावण-भाद्रपदात तो घरबसल्या सापडतो. करंजाच्या कोवळ्या पानांवर कॉमन बँडेड ऑल, बांबूच्या सावलीत चेस्टनट बॉब, शोभेच्या पाम-माडांजवळ पाम बॉब, आणि चिकण्याजवळ जमिनीलगत भिरभिरणारा काळा-पांढरा इंडियन स्किपर. यातल्या पाम बॉबच्या करड्या पंखावरचे काळे ठिपके आणि चेस्टनट बॉबच्या तांबूस पंखावरचे रुपेरी ठिपके एकदा जवळून बघितले की पुढच्या वेळी दुर्बिणीची गरज लागत नाही. सुरुवात या दोघांपासून करावी, स्विफ्टपासून नको.

कॉमन बँडेड ऑल मात्र या दुर्बिणीची परीक्षा घेतो. तो भल्या सकाळी आणि सांजेला उडतो, दिवसा पानाखाली अंधारात बसतो. २१ मिलिमीटरच्या भिंगातून तिथे पुरेसा उजेड येत नाही. पंखाखालचा पांढरा पट्टा कळतो, पंखावरची जांभळी झाक कळत नाही. पक्ष्यांसाठीही ही एकमेव दुर्बीण म्हणून घेऊ नये. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी बघायला ६.५ पट कमी पडते. घरात एक ८×४२ असेल तर जोडीला ही घ्यावी, हे योग्य.

सगळ्यात मोठी उणीव, कोकण-गोव्यात राहणाऱ्यांसाठी तर विशेष: ही जलरोधक नाही. स्किपरचा हंगाम आणि पावसाचा हंगाम एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे हे बोचतं. भुरभुर आली की झिपच्या प्लास्टिक पिशवीत टाकायची सवय लावावी. एसी गाडीतून थेट दमट हवेत काढली की काच धुकटते, पुसत बसू नका, पिशवीतच दहा मिनिटं राहू द्या. घरी आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कापडी पाऊच किंवा चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या भिंगांवर एका पावसाळ्यात बुरशीचं जाळं येऊ शकतं. पुढे सपाट काच असल्यामुळे हलणाऱ्या भिंगांवर थेट बोट लागत नाही, ही चांगली बाजू. तीही आधी ब्लोअरने धूळ उडवूनच पुसावी, नाहीतर बांधावरच्या मातीचे कण चरे पाडतात.

विकत घेताना दुकानातच एक चाचणी करा, ऑनलाइन मागवली तर परत करायची मुदत असतानाच. खिशातली नोट टेबलावर ठेवून अर्ध्या मीटरवरून तिच्यावरची सगळ्यात बारीक अक्षरं वाचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून चित्र एकच दिसलं पाहिजे. दोन दिसत असतील आणि डोळ्यांमधलं अंतर नीट लावूनही ती जुळत नसतील, तर तो नग घेऊ नका. चाक लांबपासून जवळपर्यंत पूर्ण फिरवा, मधे कुठे अडखळता कामा नये किंवा सैल वाटता कामा नये. आणि शेवटी पुढच्या काचेतून मोबाइलचा टॉर्च मारून भिंगं सरकताना बघा: दोन्ही बरोबरीने सरकली पाहिजेत आणि आत धूळ किंवा जाळं दिसायला नको.